बोलीआधी पारख : गोटीच्या सोडाबाटलीची गोष्ट



तुमच्यापैकी ज्यांचे केस थोडे पांढरे झाले आहेत, त्यांना गोटीचा सोडा आठवत असेल. जत्रेत, आठवडी बाजारात, मोटारस्टँडवर सोडावाल्याची गाडी उभी असे. हिरवट, जाड काचेची बाटली. गळ्याशी कुणीतरी दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखी दबलेली. सोडावाला तोंडावर लाकडी गुट्टी ठेवी, वरून तळहाताचा एक ठोसा देई, आणि फट्ट असा आवाज होऊन गोटी खाली पडे. पोरांना सोड्यापेक्षा त्या आवाजाचेच कौतुक अधिक. आणि सोडा पिऊन झाल्यावर बाटली हातात घेऊन चार पावले इकडेतिकडे गेलात, की सोडावाला लगेच हाक मारी, "ओ भाऊ, बाटली!" आतल्या पाण्यापेक्षा बाहेरची काच महाग, हे त्याचे गणित पक्के होते.

त्याच बाटलीला आता वेगळाच भाव आला आहे. जुन्या वस्तू जमवणारे लोक तिच्यासाठी बोली लावतात. आणि भाव आला म्हणजे मागोमाग काय येते, ते कापूस पिकवणाऱ्या मुलखाला सांगायला नको.

झाले असे. कारंजा लाडजवळच्या एका शाळेतल्या गुरुजींनी वर्गात जुन्या वस्तूंचे एक कपाट सुरू केले. मापाची पायली, अडकित्ता, कंदील, जुनी नाणी असे पुष्कळ काही मुलांनी घरून आणले. मग गुरुजींच्या मोबाइलवर एका लिलावातल्या वस्तूचा फोटो आला. गोटीची सोडाबाटली, अंगावर ‘कारंजा’ अशी उठावाची अक्षरे, आणि खाली लिहिलेले : ‘सन १८७२ची अस्सल बाटली, अत्यंत दुर्मिळ.’ पहिली बोली पाच हजारांची. शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी कपाटासाठी मिळून सहा हजार रुपये जमवले होते. गुरुजी मला विचारायला आले, "काय करू? घेऊन टाकू का?"

मी म्हटले, "गुरुजी, तुम्ही कारंजाचे. तुम्हीच असे विचारता?"

याचे कारण सांगतो, कारण ते आपल्या गावच्या इतिहासात आहे आणि अनेक शाळांत ते शिकवले जात नाही. कारंजा म्हटले की लोकांना नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान आठवते, जैन मंदिरांतली ग्रंथभांडारे आठवतात, १६७०मध्ये मराठ्यांनी या श्रीमंत पेठेवर घातलेला छापा आठवतो. पण याच गावात १८८६ साली, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला अशा प्रकारचा तो पहिला बाजार म्हणून शेतमालाच्या व्यापाराच्या इतिहासात त्याची नोंद आहे. वऱ्हाड त्या वेळी निजामाचा, पण कारभार इंग्रजांच्या हाती. म्हणून हुकूम हैदराबादच्या रेसिडेन्सीचा. पुढे १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला, आणि १९२८च्या शेतकी रॉयल कमिशनने असे नियंत्रित बाजार देशात इतरत्रही निघावेत अशी शिफारस केली.

असा बाजार लागला का? तर अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. भाव चढला तशी भेसळ चढली. गाठीत सरकी, गाठीत माती, गाठीवर पाणी. इतकी की मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. दुसरीकडे शेतकऱ्याचीही लूट होतीच. काटा कुणाचा, वजन कुणाचे, दलाली किती, कसर किती, याला धरबंध नव्हता. देशात पुष्कळ बाजारांत ‘हत्ता’ पद्धत होती. म्हणजे व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. पण रुमालाखाली काय चालले आहे हे त्याला कळायचे नाही. नियंत्रित बाजाराने हा रुमाल हळूहळू काढायला लावला. माल उघड्यावर, बोली उघड्यावर, काटा तपासलेला. इंग्रजांना त्यात मँचेस्टरला चांगला कापूस पाठवण्याचे हित दिसत होते हेही खरे. त्यांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असे समजू नका. पण रीत चांगली लागली. आजही बाजार समितीच्या आवारात व्यापारी आधी मुठीत कापूस घेतो, धागा ओढून पाहतो, आत हात खुपसून ओल पाहतो, आणि मगच तोंड उघडतो.

गुरुजींच्या बाटलीवर मात्र रुमाल होता. फोटो म्हणजे रुमालच की! तेव्हा पहिले काम ठरले. लिलावाच्या आदल्या दिवशी माल पाहायला ठेवतात, तिथे जायचे आणि बाटली हातात घ्यायची. जाताना एक भिंग, एक विजेरी आणि एक मऊ फडके घ्यायचे.

पण भिंगाने काय पाहायचे हे कळायला बाटलीची जन्मकथा माहीत हवी. पाण्यात वायू कोंडण्याची युक्ती १७६७मध्ये जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवली, आणि १७८३च्या सुमारास जिनेव्हात याकोब श्वेप याने तसे पाणी विकायला काढले. अडचण होती ती झाकणाची. बूच वाळले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून काही काळ अंड्याच्या आकाराच्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्याच राहायच्या नाहीत, आडव्या पडायच्या. त्यामुळे बूच ओले राही. यावर उत्तम तोड काढली हायरम कॉड या इंग्रजाने. १८७० पासून त्याने पेटंटे घेतली आणि १८७२ साली ही बाटली पक्क्या रूपात आणली. आत काचेची गोटी, तोंडाच्या आत एका खाचेत रबराचे कडे. बाटली उलटी करून भरायची. सुलटी केली की आतला वायूच गोटीला वर ढकलून कड्यावर घट्ट दाबून धरतो. जितका वायू जोरदार, तितके झाकण पक्के. आणि गळ्याचा तो चिमटा कशासाठी? ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये, त्या खोबणीत अडकून राहावी म्हणून. शिक्षकांनी दाबाचा धडा शिकवताना ही बाटली जरूर दाखवावी. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ती लवकर समजते.

आता गुरुजींच्या फोटोखालचे ते १८७२ साल कोठून आले, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ते पेटंटाचे साल आहे. विक्रेत्याने ते बाटलीला चिकटवले. बैलगाडी कधी निघाली त्या सालावरून तुमच्या दारातल्या गाडीचे वय काढण्यासारखे हे झाले. असाच दुसरा घोटाळा दुकानाच्या स्थापनेवरून होतो. पुण्याच्या लष्कर भागातले अर्देशिर यांचे सोड्याचे दुकान १८८४चे, मुंबईचे ड्यूक्स १८८९चे. अशा जुन्या पेढ्या आपले स्थापनेचे साल अभिमानाने मिरवतात. ते साल पेढीच्या जन्माचे असते. काच कालचीही असू शकते.

इथे एक मोठा खड्डा आहे, आणि शिकलेली माणसेच त्यात जास्त पडतात. विलायतेतल्या संग्राहकांची पुस्तके सांगतात की गोटीची बाटली म्हणजे फार तर १९३०च्या आसपासपर्यंतची. तिकडे ते बरोबर आहे. १८९२मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याच्या दातेरी बिल्ल्याचे पेटंट घेतले, पुढे यंत्राने बाटल्या होऊ लागल्या, आणि गोटी मागे पडली. पण आपल्याकडे ती मागे पडलीच नाही! उत्तर प्रदेशात हाथरसजवळ सासनी येथे तर गोटीच्या बाटल्या या शतकातही घडत आल्या. त्यामुळे आपल्या हातातली गोटीची बाटली १८९०ची असू शकते आणि १९९०चीही. नुसत्या आकारावरून आपल्या देशात वय निघत नाही. इंग्रजी पुस्तक वाचून ‘ही शंभर वर्षांची असलीच पाहिजे’ असे म्हणणारा माणूस पाच हजारांना फसू शकतो.

मग वय काढायचे कसे? एक गोष्ट मनाशी धरा. बहुतेक खुणा फक्त एवढेच सांगतात की ‘ही वस्तू यापेक्षा जुनी नाही.’ भिंत पाडताना चिऱ्यामागे ‘नया पैसा’ सापडला, तर ती भिंत १ एप्रिल १९५७ नंतर पुरी झाली हे पक्के. पण जुना आणा सापडला, तर? आणा पुढेही कुणाच्या खिशात राहिला असेल. नया पैसा ठाम बोलतो, आणा बोलत नाही. बाटलीवर आपण आधी नये पैसे शोधायचे.

पहिले, साचा. जुनी बाटली कारागीर फुंकनळीने साच्यात फुंकत असे. दोन अर्ध्या साच्यांचा सांधा अंगावर रेघेच्या रूपाने राहतो. मग नळीपासून गळा तोडायचा, गोटी आत टाकायची, आणि तोंडाशी तापलेली काच लावून हत्याराने काठ घडवायचा. त्यामुळे साच्याची रेघ बुडाकडून वर येते आणि काठाच्या खाली पुसली जाते. पूर्ण यंत्रावरच्या बाटलीत ती थेट काठावरून पार होते. असे स्वयंचलित यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३च्या सुमारास तयार केले, आणि ते जगभर पसरायला पुढे कैक वर्षे गेली. म्हणून रेघ काठावरून गेली असेल तर १८७२चे नावच सोडा. पण उलट धरू नका. रेघ काठाखाली थांबली म्हणून ती जुनीच, असे नाही. आपल्याकडे हाताचे काम फार काळ चालले.

काठाला प्लास्टिकचे कडे किंवा फिरवून निघणारे टोपण असेल तर बोलायलाच नको. मात्र रबराचे कडे नवे दिसले म्हणून बाटली टाकून देऊ नका. रबर कुजते, सोडावाले ते सतत बदलत. शंभर वर्षे जुन्या बाटलीत नवे रबर असणे हे जुन्या बैलगाडीला नवा दोर असण्यासारखे आहे. उलट, कुणी ‘मूळचे रबर, अगदी मऊ’ असे सांगू लागला तर त्याच्याकडे जरा निरखून पाहा.

दुसरे, काच. जुन्या काचेत हवेचे बारीक फुगे असतात, जाडी असमान असते, उजेडात फिरवली तर आत लाट दिसते. पण फुगे आजच्या हातकामातही येतात. तेव्हा फुगे पाहून हुरळून जाऊ नये. रंगाचे मात्र नीट ऐका. वाळूत लोहाचा अंश असतो, म्हणून साधी काच हिरवट-निळसर येते आणि गोटीच्या बहुतेक बाटल्या तशाच असत. काही विलायती कारखाने ओळखीसाठी काठाला निराळ्या रंगाची काच लावत. संपूर्ण गर्द निळी बाटली तिकडेही दुर्मिळ. म्हणून सर्वांत महाग, आणि म्हणूनच सर्वांत आधी संशय तिचाच घ्यावा. शोभेसाठी रंगीत बाटल्या आजही काढतात. जांभळ्याची गोष्ट वेगळी. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी, साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत, तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. हे कळल्यावर लोक काचेवर किरणांचा मारा करून गडद जांभळी करू लागले. उन्हाने आलेला रंग हलका असतो. वांग्यासारखा गर्द असेल तर तो बहुधा माणसाने आणलेला.

तिसरे, झीज. बाटली आयुष्यभर कशी राहिली याचा विचार करा. ती लाकडी पेटीत, पत्र्याच्या टेबलावर, फरशीवर हजार वेळा ठेवली गेली. मग चरे कोठे पडतील? बुडाच्या कडेवर, आणि पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर, जिथे ती शेजारणीला घासली. आणि ते वेडेवाकडे, लहानमोठे, सर्व दिशांनी असतील. पॉलिशच्या कागदाने काढलेले चरे एका दिशेने जातात आणि बूड ज्या खळग्यात टेकतच नाही तिथेही असतात. गोटीही पाहा. आयुष्यभर काचेवर आपटलेली गोटी चकचकीत कशी राहील? आणि मातीचे म्हणाल तर, बाटलीला माती फासणे हे जगातले सर्वांत सोपे काम आहे. ओल्या फडक्याने पुसू द्याल का असे विचारा. खरी पुरलेली काच आतून दुधाळ होते, कधी तिच्यावर माशाच्या खवल्यासारखा सप्तरंगी पापुद्रा येतो. ते पुसून जात नाही.

आता या साऱ्यापेक्षा मला जे जास्त महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. ते म्हणजे अक्षरे. काचेचे शास्त्र सर्वांना जमेल असे नाही, पण अक्षरे वाचता येणारा प्रत्येक शिक्षक, सातवीतला प्रत्येक मुलगा हे काम करू शकतो. त्यासाठी फक्त आपल्या मुलखाचा इतिहास माहीत हवा.

कारंजाचेच उदाहरण घ्या. १९०३मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० ते १९५६ कारंजा ‘मध्य प्रदेशा’त होते. हो, नवल वाटते ना! नागपूर राजधानी असलेला तो मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. तेव्हा बाटलीवर ‘महाराष्ट्र’ असेल तर ती १९६० पूर्वीची नाही. ‘मुंबई राज्य’ असेल तर साडेतीन वर्षांचा अवधी हाती आला. आणि एखाद्या बाटलीवर ‘कारंजा, म. प्र.’ असे सापडले, तर ती निळ्या बाटलीहून मला अधिक मोलाची वाटेल, कारण तिच्यावर सहासात वर्षांचा इतिहास काचेत ओतलेला आहे.

जिल्ह्याचेही तसेच. आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधी कारंजा अकोला जिल्ह्यात होते. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ नावाचा एक जिल्हा होता खरा, पण तो १९०५मध्ये मोडला आणि कारंजा काही त्यात नव्हते. म्हणजे ‘कारंजा, जि. वाशिम’ असे लिहिलेली बाटली कुणी स्वातंत्र्यपूर्व म्हणून दाखवली, तर हसून नमस्कार करावा.

मापे पाहा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६चा, आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. औंसाचे माप जुने, ‘मि. लि.’ हे त्यानंतरचे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. ‘मुंबई’चे इंग्रजी स्पेलिंग १९९५मध्ये बदलले, त्यापूर्वीच्या इंग्रजी अक्षरांत ‘बॉम्बे’च असायचे. कारखान्याचे नाव असेल तर तो कधी निघाला ते शोधा. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८चा, ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६चा. त्यांच्या नावाने कुणी १९००ची काच दाखवली तर काय समजायचे ते तुम्हीच ठरवा. बाटलीसोबत येणारी कहाणीसुद्धा अशीच तपासावी. ‘ही १८९०ची, कारंजा स्टेशनवरच्या टपरीतली’ असे कुणी सांगितले, तर विचारा की मूर्तिजापूर–यवतमाळची आपली नॅरोगेज, ती लाडकी शकुंतला, कधी धावू लागली? विसावे शतक उजाडल्यावर. मग १८९०ला टपरी कोणासाठी?

आणि आणखी एक गंमत. ‘कारंजा’ म्हणजे कोणते कारंजा? वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, उरणजवळ समुद्रकाठी कारंजा आहे. शिवाय उसळणाऱ्या सोड्याला कुणी ‘कारंजा’ असे नावच ठेवले असेल तर? नुसत्या नावावर गावाने हक्क सांगू नये. पुढे जिल्हा, पेठ, काहीतरी हवे.

अक्षरांत लबाडी होते ती अशी. बाटली खरी जुनी असते, साधी, नाव नसलेली, म्हणून स्वस्त. कुणीतरी तिच्यावर वाळूच्या फवाऱ्याने किंवा आम्लाने गावाचे नाव कोरतो आणि भाव दहापट होतो. हे ओळखायला भिंग. साच्यातली अक्षरे उठावाची असतात, त्यांच्या कडा किंचित गोल असतात, आणि त्यांच्या माथ्यावर सर्वांत जास्त झीज असते, कारण तीच पुढे आलेली. कोरलेली अक्षरे खोलगट. तिथे एकच प्रश्न विचारा : जुने चरे अक्षरांवरून जातात, की अक्षरे जुन्या चऱ्यांना कापतात? बाटली वापरात असताना अक्षरे अंगावर होती, तर चरे त्यांच्यावरूनही गेले पाहिजेत. अक्षराच्या आत ताजी, स्वच्छ काच आणि बाहेर साठ वर्षांचे ओरखडे, असे दिसले की अक्षर पाहुणे आहे. तुटलेला काठ राळेने जोडून रंगवतात तोही असाच पकडावा. काच गालाला थंड लागते, राळ तशी लागत नाही, आणि नखाने टिचकी मारली तर आवाज मंद येतो.

एवढे ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे १९७०ची बाटली खोटी? नाही हो! इथे आपण आपल्या गावच्या ग्रंथभांडारांकडून शिकावे. कारंजाच्या जैन भांडारांत जपलेल्या पोथ्यांच्या आधाराने १९३०च्या सुमारास प्रा. हीरालाल जैन आणि इतर पंडितांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि त्या भाषेचे साहित्य जगापुढे आले. त्या पोथ्या म्हणजे मूळ कवीचे हस्ताक्षर नव्हेत, नकला आहेत. पण प्रामाणिक नकलाकार शेवटी पुष्पिका लिहितो : अमक्याने, अमक्या संवतात, अमक्यासाठी उतरवली. म्हणून नक्कल असूनही ती पोथी खरी. बाटलीचेही तसेच. १९७०ची बाटली १९७०ची म्हणून विकली तर ती अस्सल आहे. तिला १८७२ म्हटले की खोटे सुरू होते, आणि ते खोटे काचेत नसते, चिठ्ठीत असते. तेव्हा ‘बाटली खरी की खोटी’ असे विचारण्यापेक्षा ‘चिठ्ठीवर लिहिलेले या काचेला मान्य आहे का’ असे विचारा.

कायद्याचा एक शब्द. १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती परस्पर परदेशी धाडता येत नाही. म्हणून जो विक्रेता छातीठोकपणे दीडशे वर्षे सांगतो, त्याच्याकडे परवान्याची आणि लेखी पावतीची चौकशी करावी. पावतीवर सालही लिहून मागावे. पुष्कळदा साल तिथेच गळून पडते.

आता गुरुजींचे काय झाले ते सांगतो. आम्ही दोघे आदल्या दिवशी गेलो. बाटली सुरेख होती, हिरवट, जड, गोटी शाबूत. अंगावर उठावाची अक्षरे, फोटोत न दिसलेली दुसरी ओळही होती : ‘जि. अकोला’. अक्षरांचे माथे झिजलेले, चरे त्यांच्यावरून गेलेले. नाव खरे, गाव आपलेच. गुरुजींचा चेहरा खुलला. मग त्यांनी ती उलटी केली, बुडावर विजेरी धरली आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. तिथे बारीक अक्षरांत होते : ‘२०० मि. लि.’

गुरुजींनी हिशेब तिथल्या तिथे मांडला. दशमान मापानंतरची, वाशिम जिल्ह्याच्या आधीची. म्हणजे १९६० ते १९९८च्या मधली. विक्रेत्याला विचारले तर तो म्हणाला, "साहेब, आम्हाला जसे सांगितले तसे आम्ही लिहिले." गुरुजींनी वहीत आपली शेवटची बोली लिहून ठेवली, तीनशे रुपये, आणि ती वही माझ्याकडे दिली. लिलावाच्या उत्साहात हात वर जातो हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पुकारा पाच हजारांपासून झाला. कुणी बोलेना, म्हणून पाचशेवर आला. गुरुजी एकदा माझ्याकडे वळले. मी वही मिटलेलीच ठेवली. बाटली साडेअकराशेला दुसऱ्या एकाने नेली.

सोमवारी गुरुजींनी वर्गात ही सगळी हकिगत सांगितली, फळ्यावर साले मांडून. मधल्या सुट्टीत एक मुलगी आली. तिच्या आजोबांची सोड्याची गाडी होती म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने फडक्यात गुंडाळून एक बाटली आणली. तीच अक्षरे, तेच बूड. पण गळा फुटलेला, आणि आत गोटी नाही. पोरे गोटीसाठी बाटल्या फोडत, तशी ही तिच्या वडिलांनीच लहानपणी फोडली होती, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

ती आता शाळेच्या कपाटात आहे. खाली मुलीच्या अक्षरात चिठ्ठी आहे : ‘सोडाबाटली, कारंजा. १९६० ते १९९८च्या मधली. गोटी बाबांनी काढली.’